अप्रूव्हच्या पुढचं ऑफ

फळ्यावर सात क्रियापदं लिहिली:
प्रेज, ॲडमायर, अप्रिशिएट, कमेंड,
अप्लॉड, कॉम्प्लिमेंट, अप्रूव्ह.
धरणगावची दुपार, आठवी ब.
खिडकीतून जिनिंगची रुई उडत येते
आणि फळ्याच्या ओल्या फडक्याला चिकटते.

ही सगळी कौतुकाची, मी म्हणालो.
मागच्या बाकावरून झिंगा पावरा म्हणाला,
सर, इतकी?
आपल्याकडे तर एकच.
तेबी पाहुणे आल्यावर.

वर्ग हसला. मीही.
मग सांगत राहिलो,
प्रेजच्या मागे फॉर लागतो,
कशाबद्दल ते सांगावं लागतं,
मालाला पावती जोडावी तसं.
ॲडमायर दुरून करता येतं,
समोरच्याला नाही कळलं तरी बिघडत नाही.
अप्लॉडला मात्र दोन्ही हात मोकळे हवेत.

इथे जरा अडखळलो.
माझ्या बापाचे हात कधी मोकळे नव्हते.

उखर्डू नथ्थू महाजन, रुईचा पारखी.
त्याच्या आधीची दोन गेली,
गोरी, गुटगुटीत,
गल्लीभर नावाजलेली.
तिसरा झाला तेव्हा त्याच्या मायनं
त्याला घडीभर उखर्ड्यावर ठेवला,
उचलला,
आणि नावही तिथलंच दिलं,
की दृष्टीनं नाक मुरडून
पुढच्या घराकडे जावं.
त्या नावाचं इंग्रजी मला अजून जमलेलं नाही.
साठ वर्षं लोक त्याला उकिरडा म्हणत राहिले
आणि तो जगत राहिला.

गठाणीतून चिमूटभर रुई काढायचा,
दोन अंगठ्यांत धरून ओढायचा,
तार काळ्या बाहीवर ठेवून बघायचा.
व्यापारी तोवर बिडी पेटवत नसे.
मग म्हणायचा, चाली.
त्या एका शब्दावर ट्रक भरायचे.

घरीही तेच.
आईच्या भरताला त्यानं नाव ठेवलं नाही
की कधी नाव घेतलं नाही.
ताट पुढे सरकवायचा. आखो.
ती चुलीकडे तोंड करून वाढायची
आणि तिच्या पाठीवरून कळायचं
की आज ती खूश आहे.

माझी बीएडची मार्कशीट
त्यानं दोन अंगठ्यांत धरली,
ओढतो की काय, वाटलं,
उजेडाकडे नेली.
चाली, म्हणाला.
मी आठ दिवस बोललो नाही त्याच्याशी.

दहाव्याला जिनिंगमधला रज्जाक तडवी आला होता.
म्हणाला, मास्तर,
तुझा बाप बाकीच्या मालाला काही बोलतच नव्हता,
नुसता हात झटकायचा.
चाली म्हटलं
की आम्ही भाव पाडून मागत नव्हतो.
हे त्यानं मला तेव्हा सांगितलं,
केस उतरलेल्या माझ्या डोक्याकडे बघत.

झिंगा वही घेऊन आला.
माय फादर अप्रूव्ह्ज मी.
मी लाल पेनानं मध्ये ऑफ घातलं.
हे कशाला सर?
म्हटलं, नुसतं अप्रूव्ह असलं
तर कागद मंजूर होतो, गठाण मंजूर होते.
ऑफ आलं की माणूस.
त्यानं मान डोलावली, त्याला कळलं नसावं.
मला तरी कधी कळलं?
माझ्या बापाच्या वाक्यात ऑफ होतं की नव्हतं,
अहिराणीत ते कुठे बसतं,
शब्दाच्या मागे
की मार्कशीट परत देताना
घडी पडू नये म्हणून
खाली धरलेल्या तळहातात?

सर, आता बरोबर शे का?
चाली, म्हटलं.
त्याचं तोंड उतरलं.
वळला.

थांब.
वही पुन्हा मागितली,
दोन अंगठ्यांत धरली.
फळ्यावर सातच्या सात शब्द होते,
एकही जिभेवर येईना.

आखो लिही, म्हटलं.
एक वाक्य आखो.

तो तिथेच टेबलाशी खाली बसला,
दातांनी पेनाचं टोपण काढत.